नट आणि न्याय : हेन्री फोंडाच्या भूमिकांचा एक विचार

‘फोंडा’ हा शब्द कानी पडताच आमच्या वाचकांस मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी ही स्थळे आठवावीत आणि नकळत हात जोडले जावेत, हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखातील फोंडा मात्र गाव नव्हे. तो एक नट आहे. त्याचे पूर्वज फार पूर्वी हॉलंडमधून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्क राज्यातील मोहॉक नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. तेथे फोंडा नावाचे एक गाव आजही आहे. नामसादृश्याचा हा योगायोग सोडला, तर आपल्या फोंड्याशी ह्या घराण्याचा काही संबंध नाही व तो ओढूनताणून जोडण्याचा आमचा मानसही नाही.

हॉलिवुडच्या एका नटाविषयी वकिलाने का लिहावे, हा प्रश्न राहतोच. वकील आणि नट ह्यांच्या धंद्यांत फारसा फरक नाही, असे आमचे टीकाकार नेहमी म्हणतात. तो विनोद आम्ही येथे निमूटपणे पत्करतो. परंतु आमचे कारण वेगळे आहे. न्यायसभेचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. एका कठड्यात आरोपी उभा आहे. त्याच्या बाजूने वकील बोलत आहे. एकीकडे ज्यूरीचे बाक आहेत. वर न्यायाधीश बसला आहे. आणि दाराबाहेर पोलीस व त्यांच्याही पलीकडे जमाव आहे. १९३५ पासून १९८२ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दीत हेन्री फोंडा ह्या एकाच नटाने ह्यांतील प्रत्येक जागी उभे राहून दाखविले. कधी तो निरपराध आरोपी झाला, कधी वकील, कधी ज्यूरीतील एकटा पडलेला सभासद, कधी न्यायमूर्ती. आणि एकदा तर तो जमावातलाच एक झाला. ह्या भूमिका त्याने आधी आराखडा आखून निवडल्या, असे म्हणता येणार नाही. त्या काळी नट हा चित्रसंस्थेचा करारबद्ध नोकरच असे आणि धनी देईल ते काम त्यास करावे लागे. तरीही ज्या कामांमुळे त्याचे नाव राहिले, ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतात : जमाव खवळलेला असताना एका माणसाने काय करावे? हा प्रश्न त्याच्यापुढे चौदाव्या वर्षी, एका खिडकीत उभा असताना आला होता.

हेन्री फोंडाचा जन्म १६ मे १९०५ रोजी नेब्रास्का राज्यातील ग्रँड आयलंड येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब ओमाहा शहरी आले. वडील विल्यम ह्यांचा तेथे छापखाना होता व तो डग्लस परगण्याच्या न्यायालयासमोर होता. १९१९ च्या सप्टेंबरात विल ब्राऊन नावाच्या एका कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवर हल्ला केल्याचा आरोप आला. त्यास अटक होऊन दोन दिवसही पुरते उलटले नव्हते, तोच २८ सप्टेंबरला, रविवारी, हजारोंचा जमाव न्यायालयाभोवती गोळा झाला. इमारतीस आग लावण्यात आली. मध्ये पडून समजूत घालणारे महापौर एडवर्ड स्मिथ ह्यांच्याच गळ्यात जमावाने दोर अडकविला. काही लोकांनी धाडस करून त्यांना सोडविले म्हणून ते वाचले. अखेर विल ब्राऊन जमावाच्या हाती पडला. त्याला फासावर लटकविण्यात आले, त्याच्या देहावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि नंतर तो देह जाळण्यात आला. त्याच्यावर खटला चाललाच नाही. पुढे शंभरावर लोकांवर आरोप ठेवण्यात आले, तथापि त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा भोगावी लागली नाही.

हा सर्व प्रकार चौदा वर्षांच्या हेन्रीने वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून पाहिला. वडिलांनीच त्याला बरोबर नेले होते. उत्तरायुष्यात त्याने ही हकीकत मुलाखतींतून सांगितली आहे. वडिलांनी तेव्हा काही उपदेश केला नाही, काही समजावूनही सांगितले नाही. छापखान्यास कुलूप लावले आणि दोघे मुकाट्याने घरी आले. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते, हात घामाने भिजले होते. एवढेच. परंतु चांगल्या साक्षीदाराची साक्ष अशीच असते : थोडकी, कोरडी, आणि पन्नास वर्षांनी विचारले तरी न बदलणारी.

नट होण्याची त्याची मूळ इच्छा नव्हती. मिनेसोटा विद्यापीठात तो वृत्तपत्रविद्या शिकावयास गेला व ते शिक्षण अर्धवट टाकून परतला. १९२५ च्या सुमारास ओमाहातील हौशी नाट्यमंडळीत एका तरुण नटाची उणीव पडली, तेव्हा डोरोथी ब्रँडो ह्या बाईंनी ह्या बुजऱ्या मुलास ओढून नेले. पुढे जगद्विख्यात झालेला नट मार्लन ब्रँडो हा ह्याच बाईंचा मुलगा. लोकांसमोर स्वतः म्हणून उभे राहण्याची हेन्रीस लाज वाटे; दुसऱ्या कोणाचे सोंग घेतले की ती लाज नाहीशी होई, हे त्यास तेथे उमगले. नंतर न्यूयॉर्कची रंगभूमी, तेथील उमेदवारीची वर्षे आणि १९३५ मध्ये पहिला बोलपट, हा क्रम झपाट्याने घडला.

त्याची पहिली महत्त्वाची भूमिका आरोपीची होती. १९३७ मध्ये फ्रिट्झ लँग ह्या जर्मनीतून आलेल्या दिग्दर्शकाने ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’ काढला. लँगने त्याच्या आदल्याच वर्षी ‘फ्युरी’ ह्या चित्रपटात जमावाच्या सूडाचे चित्र रंगविले होते. नव्या चित्रपटातील एडी टेलर हा तुरुंगातून सुटलेला, सरळ मार्गाने जगू पाहणारा तरुण. पेढीवर दरोडा पडतो, माणसे मरतात आणि घटनास्थळी एडीच्या नावाची आद्याक्षरे असलेली टोपी सापडते. पूर्वीचा गुन्हेगार आणि टोपी, एवढ्यावर त्यास मृत्युदंड सुनावला जातो.

‘मृच्छकटिका’तील न्यायसभेचा प्रवेश आमच्या वाचकांस येथे खचित आठवेल. तेथेही विदूषकाच्या वस्त्रातून वसंतसेनेचे अलंकार भर न्यायसभेत खाली पडतात आणि त्या परिस्थितिजन्य पुराव्यावर चारुदत्त वधस्तंभाकडे चालू लागतो. परंतु शूद्रकाने आपल्या नायकास वाचविले. वसंतसेना वेळेवर येऊन पोहोचते. लँगच्या चित्रपटातही निर्दोषत्वाची बातमी येते, सुटकेचा हुकूम येतो. पण तोवर एडी बंदूक मिळवून तुरुंगातून निसटण्याच्या बेतात असतो आणि तो हुकूम त्यास नवे कपट वाटते. ती बातमी खरी असल्याचे सांगत पुढे येणाऱ्या सज्जन धर्मगुरूवरच तो गोळी झाडतो. निरपराध म्हणून सुटलेला मनुष्य त्याच क्षणी खुनी ठरतो. चुकीचा निवाडा पुढे दुरुस्त करता येतो, असे आम्ही वकील अपिलाच्या भरवशावर म्हणत असतो. ज्याचा विश्वासच उडाला त्याच्या बाबतीत ती दुरुस्ती फार उशिरा पोहोचते, हे फोंडाच्या त्या भेदरलेल्या चेहऱ्यावर वाचता येते.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, तो आरोपीच्या कठड्यातून वकिलाच्या जागी आला. जॉन फोर्ड हा दिग्दर्शक ‘यंग मिस्टर लिंकन’ काढीत होता. फोंडाने प्रथम नकार दिला. लिंकनचे सोंग घेणे म्हणजे अमेरिकन माणसाला साक्षात देवाचे सोंग घेण्यासारखे वाटे. आपल्याकडे दशावतारी नट मुकुट चढविण्यापूर्वी नमस्कार करतो, त्यातलाच हा संकोच असावा. फोर्डने त्यास चांगलेच फैलावर घेतले. राष्ट्राध्यक्ष लिंकन नव्हे, तर खेडवळ, नवशिका, पोटासाठी धडपडणारा वकील लिंकन रंगवावयाचा आहे, असे त्याने बजावले; आणि फोंडा तयार झाला.

ह्या चित्रपटात दोन प्रसंग आहेत व दोन्ही आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहेत. पहिल्यात खुनाचा आरोप असलेल्या दोघा भावांना तुरुंगातून ओढून काढण्यासाठी जमाव ओंडक्याने दार फोडीत असतो. तरुण लिंकन दारात आडवा उभा राहतो. तो कायद्यावर व्याख्यान देत नाही. प्रथम तो बळकट बाहूंचे आव्हान देतो, मग विनोद करतो, मग जमावातील एकेकास नावाने हाक मारतो. माणूस एकटा असताना ज्याची त्याला लाज वाटेल, ते तो गर्दीत हसत करतो, असे तो त्यांना समजावतो. आणि बायबलवर श्रद्धा असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थाकडे वळून त्याचीच लाज त्याच्यापुढे धरतो. ओंडका खाली पडतो. जमावाला चेहरा नसतो. त्यास एकेक चेहरा परत दिला की जमाव उरत नाही, हे मर्म एवढ्या सोपेपणाने आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. ओमाहाच्या महापौरांनीही असाच प्रयत्न केला होता आणि त्यांच्या गळ्यात दोर पडला होता. आपण पाहिलेल्या रात्री जे झाले नाही, तेच नटाने येथे पडद्यावर करून दाखविले.

दुसरा प्रसंग खटल्याचा, आणि त्याचे मूळ इतिहासात आहे. चित्रपटाने तो लिंकनच्या वकिलीच्या आरंभी घातला असला, तरी खरा खटला १८५८ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्यातील बीअर्ड्सटाऊन येथे चालला. डफ आर्मस्ट्राँग ह्या तरुणावर खुनाचा आरोप होता. आपण चांदण्यात मारहाण स्पष्ट पाहिली, असे मुख्य साक्षीदार छातीठोकपणे सांगत होता. लिंकनने त्याच्याकडून चंद्र वर असल्याचे पुनःपुन्हा वदवून घेतले आणि मग पंचांग पुढे केले. २९ ऑगस्ट १८५७ च्या त्या रात्री, साक्षीदार सांगत होता त्या वेळी, चंद्र क्षितिजाजवळ मावळतीस टेकला होता. आरोपी सुटला. तो जुन्या स्नेह्यांचा मुलगा, म्हणून लिंकनने फीही घेतली नाही. आपल्या घराघरांत मुहूर्तासाठी पंचांग उघडले जाते. त्याच प्रकारच्या पुस्तकाने एका विधवेचा मुलगा फासापासून वाचविला, ही गोष्ट आमच्या वाचकांस निश्चित आवडेल.

१९४० मधील ‘दि ग्रेप्स ऑफ रॉथ’ ह्या चित्रपटाने फोंडा पहिल्या पंक्तीत आला. जॉन स्टाइनबेकच्या १९३९ च्या कादंबरीतील टॉम जोड हा ओक्लाहोमाचा शेतकरी. जमीन गेलेली, कुटुंबासह मोडक्या मोटारीतून कॅलिफोर्नियाकडे निघालेला. ही भूमिका मिळविण्यासाठी फोंडास ट्वेन्टिएथ सेंच्युरी-फॉक्स ह्या संस्थेशी सात वर्षांचा करार करावा लागला आणि त्याचा जाच पुढे त्याला फार झाला. एका चांगल्या कामाच्या मोबदल्यात त्याने सात वर्षांचे स्वातंत्र्य दिले, असा हा सौदा होता. त्या वर्षीच्या ऑस्करसाठी त्याचे नाव सुचविले गेले. पारितोषिक मात्र त्याचाच जिवलग मित्र जेम्स स्टुअर्ट ह्यास मिळाले.

ह्या कराराच्या काळात त्यास मनापासून आवडलेले चित्रपट थोडेच झाले. त्यांतला एक म्हणजे विल्यम वेलमनने दिग्दर्शित केलेला व १९४३ मध्ये प्रकाशित झालेला ‘दि ऑक्स-बो इन्सिडेंट’. आमच्या मते फोंडाच्या सर्व भूमिकांत ही सर्वांत धाडसाची, कारण येथे तो नायक नाहीच. काळ १८८५, स्थळ नेवाडा. एका पशुपालकाचा खून झाल्याची आवई उठते. शेरिफ गावात नसतो. अठ्ठावीस जण घोड्यांवर स्वार होऊन निघतात आणि डोंगरात तिघा वाटसरूंना पकडतात. ते तिघे परोपरीने सांगतात. कोणी ऐकत नाही. शेवटी मत घेतले जाते : ज्यांना ही फाशी मान्य नाही, त्यांनी बाजूस यावे. फक्त सात जण बाजूस येतात. त्यांत एक वृद्ध कृष्णवर्णीय उपदेशक असतो, ज्याने आपल्या सख्ख्या भावाचा असाच अंत पाहिलेला असतो. आणि फोंडाने रंगविलेला गिल कार्टर असतो. हा गिल भांडखोर, दारू पिणारा, आधी केवळ आपल्यावरच संशय येईल ह्या भीतीने जमावाबरोबर निघालेला. तो शेवटी योग्य बाजूस उभा राहतो. पण सातांनी काय होणार? पहाटे तिघांना फाशी दिली जाते. परतीच्या वाटेवर शेरिफ भेटतो आणि कळते, की तो पशुपालक जिवंत आहे.

ह्यानंतर गावच्या मद्यगृहात गिल कार्टर फाशी गेलेल्या एकाने आपल्या बायकोस लिहिलेले पत्र मोठ्याने वाचतो. कॅमेरा असा ठेवला आहे, की शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या टोपीची कड फोंडाच्या डोळ्यांवर येते. दिसतात ते फक्त वाचणारे ओठ. एरवी ज्या डोळ्यांवर हा नट जगला, तेच येथे झाकले आहेत. जणू तेथे जमलेल्यांपैकी कोणासही दुसऱ्याच्या नजरेला नजर देण्याची सोय उरलेली नाही. चित्रपट जेमतेम पाऊण तास आणि आणखी अर्धा तास चालतो. त्याने पैसा मिळविला नाही. युद्धकाळात लोकांना स्वतःचे असे रूप पाहावयाचे नव्हते. फोंडा मात्र आपल्या उत्तम कामांत त्याची गणना शेवटपर्यंत करीत असे.

मधल्या काळात तो आरमारात भरती झाला, प्रशांत महासागरातील युद्धात त्याने नोकरी केली व कांस्यतारा हे पदक मिळविले. परतल्यावर ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) मध्ये तो मार्शल वायट अर्प झाला, म्हणजे दाराबाहेरच्या पोलिसाची जागाही त्याने घेतली. पुढे काही वर्षे तो रंगभूमीवरच रमला.

१९५६ च्या अखेरीस ‘दि राँग मॅन’ आला. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. ह्यातील कथा कल्पित नव्हती. न्यूयॉर्कमधील एका नृत्यगृहात वाद्य वाजविणारा मॅनी बॅलेस्ट्रेरो हा गृहस्थ पत्नीच्या विम्यावर कर्ज मिळेल का, हे विचारण्यास विमा कचेरीत गेला. तेथील बायकांनी पूर्वी आपल्याला लुटणारा तो हाच, असे ओळखले. १९५३ च्या जानेवारीत त्यास अटक झाली. पोलिसांनी त्याला दरोडेखोराच्या चिठ्ठीतील मजकूर लिहावयास लावला. त्याने एका शब्दात नेमकी तीच चूक केली, जी मूळ चिठ्ठीत होती. बस्स, कोणाच्याही मनात शंका उरली नाही. खटला चालू असताना एका ज्यूरराने हे सारे ऐकण्याची गरजच काय, अशा अर्थाचे उद्गार काढले व त्यामुळे तो खटला रद्द होऊन नव्याने चालवावा लागणार होता. इतक्यात खरा गुन्हेगार दुसऱ्या चोरीत पकडला गेला. दोघांचे चेहरे मिळतेजुळते होते. बॅलेस्ट्रेरो सुटला, पण त्याच्या पत्नीचे मन ह्या धक्क्याने ढासळले आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले.

फोंडाने ह्या भूमिकेत जवळजवळ काहीच ‘केले’ नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. तो ओरडत नाही, छाती पिटीत नाही. बोटांचे ठसे घेतल्यावर आपल्या काळ्या झालेल्या हातांकडे तो नुसता पाहतो. आमच्या व्यवसायात ज्यांनी प्रथमच अटक झालेला निरपराध मनुष्य पाहिला आहे, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. निरपराधी माणूस बहुधा गप्पच होतो. आणि त्याचे गप्प राहणे हेच त्याच्याविरुद्ध पुरावा मानले जाते.

आणि आता ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. रेजिनाल्ड रोझ ह्या लेखकाने स्वतः एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीचे काम केले होते. त्या अनुभवावरून लिहिलेले नाटक १९५४ च्या सप्टेंबरात दूरचित्रवाणीवर झाले. त्याचा चित्रपट करावा म्हणून फोंडा व रोझ हे दोघे निर्माते झाले. फोंडाने आयुष्यात निर्माता म्हणून काढलेला हा एकच चित्रपट. सिडनी लुमेट ह्या दिग्दर्शकाचाही तो पहिलाच. दोन आठवडे तालीम, तीन आठवड्यांच्या आत चित्रीकरण आणि खर्च सुमारे साडेतीन लाख डॉलर. हॉलिवुडच्या मानाने ही चणे-फुटाण्यांची किंमत. फोंडाने आपले मानधनही मागे ठेवले होते. १९५७ मध्ये चित्रपट प्रकाशित झाला, तेव्हा त्यास गर्दी झाली नाही.

कथा एका वाक्याची आहे. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाला मृत्युदंड व्हावा की न व्हावा, हे ठरविण्यास बारा जण एका खोलीत बसतात; पहिल्या मतास अकरा जण ‘दोषी’ म्हणतात आणि एक ‘नाही’ म्हणतो. हा एकटा म्हणजे आठव्या क्रमांकाचा ज्यूरर, म्हणजे फोंडा. त्याला आरोपी निर्दोष आहे हे ठाऊक नाही, आणि तसा दावाही तो करीत नाही. एका मुलाला मरावयास पाठविण्यापूर्वी आपण तासभर बोलू या, एवढीच त्याची मागणी. आमच्या मते सर्व न्यायशास्त्र ह्या एका तासात सामावले आहे. विल ब्राऊनला असा तास कोणी दिला नाही. ऑक्स-बोच्या खोऱ्यातील तिघांना पहाटेपर्यंतचा वेळ मिळाला, पण तो वेळ निकालाची वाट पाहण्यात गेला, विचारात नव्हे.

लुमेटने येथे एक युक्ती केली आहे. आरंभी कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर असून खोली मोकळी भासते. हळूहळू तो खाली येतो, भिंगे बदलतात, भिंती जवळ येतात आणि शेवटी छतही दिसू लागते. उन्हाळ्याने घामाघूम झालेल्या बारा जणांबरोबर प्रेक्षकही कोंडला जातो. घाई कोठून येते, हेही चित्रपट दाखवितो : एकास सामना पाहावयाचा असतो, दुसऱ्यास झोपडवस्तीतल्या पोरांचा तिटकारा असतो, तिसऱ्यास आपल्याच रुसून गेलेल्या मुलाचा राग आरोपीवर काढावयाचा असतो. द्वेष करणारे थोडे, कंटाळलेले पुष्कळ. आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी कोणत्या तरी संस्थेच्या सभेत बसला आहे, जेथे सर्वांचे हात वर असतात, जेवणाची वेळ झालेली असते आणि एकच मनुष्य उठून ‘मला थोडे विचारावयाचे आहे’ म्हणतो. त्या माणसाकडे आपण कसे पाहतो, हे ज्याने त्याने आठवावे.

वकील म्हणून एक दोष मात्र दाखविणे आमचे कर्तव्य आहे. हा आठवा ज्यूरर बाहेर जाऊन खुनातल्यासारखाच चाकू विकत आणतो व खोलीत टेबलावर रोवतो. नाट्य म्हणून हा क्षण अप्रतिम. कायदा म्हणून साफ गैर. न्यायालयात न आलेला, उलटतपासणी न झालेला पुरावा ज्यूररने स्वतः गोळा करणे म्हणजे खटला रद्द होण्यास कारण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर ह्यांनी २०१० मध्ये सांगितले, की ह्या चित्रपटाने त्यांना कायद्याकडे वळण्याची स्फूर्ती दिली. पण खालच्या न्यायालयात असताना ज्यूरीने ह्या चित्रपटासारखे वागू नये, असेही त्या बजावीत असत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय त्या खोलीत एकही स्त्री नाही आणि एकही कृष्णवर्णीय नाही, हेही नजरेआड करता येत नाही.

हा बारांचा खेळ आपल्याकडे कसा झाला असता? तेथे एकमताची अट होती. म्हणूनच एकट्याच्या ‘नाही’ला वजन आले. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्यूरी नऊ जणांची होती : सात युरोपीय व दोन पारशी. निकाल सातास दोन असा झाला, न्यायमूर्ती दावर ह्यांनी बहुमत मान्य केले आणि लोकमान्य सहा वर्षांसाठी मंडालेस गेले. एकमताची अट असती, तर त्या दोन मतांनी इतिहास वेगळा घडविला असता. उलट १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्यूरीने आठास एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले, तेव्हा वृत्तपत्रांचा व रस्त्यावरच्या सहानुभूतीचा वारा त्या खोलीत शिरला होता, असे अनेकांचे मत पडले. सत्र न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले, तेथे शिक्षा झाली व १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. गंमत अशी, की ज्यूरी गेल्यानंतर तेरा वर्षांनी, १९८६ मध्ये, बासू चटर्जी ह्यांनी ह्याच कथेवर ‘एक रुका हुआ फ़ैसला’ हा हिंदी चित्रपट काढला आणि ज्या देशात अशी खोलीच उरली नव्हती, तेथील प्रेक्षकांनाही तो आपला वाटला. कारण ती खोली न्यायालयापुरती नसते.

सचोटीचा चेहरा म्हणून जगाने ज्यास ओळखले, त्याच्याकडून इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६८ मध्ये ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ मध्ये उलटे काम करून घेतले. फोंडा दुष्ट दिसावे म्हणून मिशा वाढवून व डोळ्यांत काळी भिंगे घालून आला; लिओनेने दोन्ही काढावयास लावले. त्याला तेच निळे, प्रामाणिक डोळे हवे होते. एका कुटुंबाची हत्या होते, एक लहान मुलगा उरतो, कॅमेरा मारेकऱ्याभोवती फिरून त्याच्या चेहऱ्यावर येतो. आणि तो चेहरा लिंकनचा, टॉम जोडचा, आठव्या ज्यूरराचा असतो. चेहऱ्यावरून निवाडा करू नये, हा पाठ ह्याहून कठोरपणे देता आला नसता.

पुढे १९७४ मध्ये त्याने रंगभूमीवर एकट्याने क्लॅरेन्स डॅरो हा विख्यात फौजदारी वकील उभा केला. डेट्रॉइटमध्ये जमावाने घर वेढलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टर ऑसियन स्वीट ह्यांची बाजू १९२५-२६ मध्ये लढविणारा तो हाच डॅरो. १९७८ मध्ये फोंडा एका नाटकात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. उरलेली उच्चासनाची जागाही भरली. त्याचे घरगुती जीवन मात्र पडद्यावरच्याइतके स्वच्छ नव्हते. पाच विवाह, एका पत्नीची आत्महत्या आणि मुलांशी अबोला, ही त्याची बाजू त्याच्या मुलांनी व त्याने स्वतःही लपविली नाही. पडद्यावर दुसऱ्यांची बाजू मांडणाऱ्याला घरात दोन शब्द बोलणे जड जाई. १९८१ च्या ‘ऑन गोल्डन पाँड’ मध्ये त्याने व त्याची कन्या जेन हिने रुसलेल्या बापलेकीचेच काम केले. २९ मार्च १९८२ रोजी त्यास अभिनयाचे ऑस्कर मिळाले; तो अंथरुणास खिळलेला असल्याने जेननेच ते स्वीकारले. १२ ऑगस्ट १९८२ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो निवर्तला.

विल ब्राऊनची गोष्ट त्यानंतरही संपली नाही. अशा झुंडहत्येस अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरवावे म्हणून मांडलेले विधेयक १९२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि सेनेटमध्ये अडले. तसा कायदा व्हावयास २०२२ चा मार्च उजाडावा लागला. पूर्ण शंभर वर्षे. घाई करणाऱ्या जमावापुढे उभा राहणारा कायदा स्वतः मात्र एवढा सावकाश चालला, ही लाज आमच्या व्यवसायाने कबूल केली पाहिजे.

ब्राऊनचे उरलेसुरले अवशेष ओमाहात बेवारशांच्या दफनभूमीत पुरले गेले होते. त्या जागी नव्वद वर्षे दगडही नव्हता. मग कॅलिफोर्नियातील एका गृहस्थाने हेन्री फोंडाविषयीचा एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यात त्या खिडकीचा उल्लेख आला. त्या गृहस्थाचा ओमाहाशी काही संबंध नव्हता. परंतु त्याने चौकशी केली, थडगे शोधून काढविले, स्वखर्चाने दगड करविला, आणि २००९ मध्ये त्या मातीवर विल ब्राऊनचे नाव प्रथमच कोरले गेले.